निर्गुडीला दिलेले आवतण

प्रथम तारखा. इंग्रजी तारखा मी येथे देत नाही. त्या माझ्या अर्जांवर आहेत आणि अर्ज सरकारजमा आहेत. त्या वर्षी गावात लोक जसे दिवस मोजत होते, तसेच येथे मोजतो.

होळीनंतरचा पहिला बाजार. चावडीच्या भिंतीवर सूचना लागली, की रोजगार हमीतून ओढ्याचे खोलीकरण होणार असून काठावरील ‘निरुपयोगी झुडपे’ काढण्यात येतील. जबाबदार: हे दोन शब्द लिहिणारा कारकून आणि जागा न पाहता त्यांखाली सही करणारा अधिकारी.

अक्षय तृतीयेच्या अलीकडचा रविवार, सकाळ. ओढ्याच्या वळणावरची निर्गुडी तोडण्यात आली. तिची मुळे खणून काढून रॉकेल ओतून जाळण्यात आली. तोडण्यास जबाबदार वरीलप्रमाणे. जाळण्यास जबाबदार: मुकादम, आणि ज्याची संमती घेऊन त्याने काडी ओढली तो.

रोहिणी नक्षत्र, कोरडे. माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांवर बिब्बा उतला. जबाबदार: ज्या बाईने बिब्बा लावला ती नव्हे. ते पुढे येईल.

मृग, तोही कोरडा. शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात पत्नीने नोकरीचा राजीनामा दिला. जबाबदार: वरील सर्व, एकत्र आणि वेगवेगळे.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मी मूळचा नायगावकडचा, पत्नी उमरीची. नोकरीमुळे आम्ही निलंग्याच्या बाजूला आलो. मी निलंग्याच्या कोर्टात कारकून होतो आणि एस.टी.ने जाऊन येऊन करत असे. राहायला आम्ही जवळच्या एका गावात होतो. त्या गावाचे नाव येथे देत नाही, कारण पत्नीने देऊ नका म्हटले. ती ओढ्यापलीकडच्या वाडीच्या शाळेत शिक्षिका होती. आमच्या दोघांच्याही घराण्यांत पगाराची नोकरी करणारी ती पहिली स्त्री. आमच्या घरात तिच्या नोकरीविषयी बोलताना आवाज खाली येत असे, जसा वडीलधाऱ्यांविषयी बोलताना येतो.

वाडीला जायला गाडी नव्हती. ओढा उतरायचा, चढायचा आणि पुढे शेतांतून चालायचे. तिचे गुडघे चाळिशीच्या आतच दुखू लागले. लातूरच्या डॉक्टरांनी झीज सांगितली आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी गुडघ्याचे दुखणे राहायचे आणि पोट जळायचे. म्हणून मग घरातले उपाय सुरू झाले. रात्री भिजवलेली मेथी, सुंठ घातलेला काढा, झोपताना हळदीचे दूध, एरंडेल लावून तव्यावर शेकलेले रुईचे पान. डिंकाचे लाडूही झाले. ते बहुतेक मीच खाल्ले आणि गुण म्हणून माझे पोट तेवढे सुटले.

लागू पडली ती निर्गुडी. माझा शब्द नीट वाचावा. निर्गुडीने आजार बरा होत होता असा माझा दावा नाही, कधीच नव्हता. सकाळी तिची पाने तव्यावर गरम करून, एरंडेलाचे बोट लावून, फडक्याने गुडघ्यांना बांधली की पत्नी शाळेपर्यंत चालू शकत होती. दुपारी परत येऊ शकत होती. दावा एवढाच आहे आणि तो एवढाच पुरेसा आहे.

निर्गुडी कोठेही उगवते, तिचे एवढे काय, असे मला पुढे एका कचेरीत सांगण्यात आले. पाऊस झालेल्या वर्षी ती कोठेही उगवते. त्या वर्षी परतीचा पाऊससुद्धा आला नव्हता. बांधावरची निर्गुडी काडी होऊन उभी होती. ओढ्याच्या वळणावर खडकाखाली ओल होती, म्हणून तेथली जाळी तेवढी हिरवी होती, आणि अर्ध्या गावाचे गुडघे त्या जाळीवर चालत होते. खडी फोडून आलेल्या बाया संध्याकाळी तेथूनच ओंजळभर पाला नेत.

चैत्र सरता सरता त्या जाळीचाही पाला विरळ झाला. तेव्हा पत्नीने मूळ काढायचे ठरवले. तिच्या आईकडून आलेला उपाय होता: निर्गुडीच्या मुळाची साल ठेचून तिळाच्या तेलात मंद आचेवर मुरवायची आणि ते तेल वर्षभर पुरवायचे. पान खुडायला कोणाला विचारावे लागत नाही. मुळाला मात्र आवतण द्यावे लागते. आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी हळदीचे तांदूळ आणि सुपारी ठेवायची, उद्या तुला न्यायला येते असे सांगायचे, आणि सकाळी घरापासून मूळ हातात येईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर गुण जातो.

मी आडवा आलो. आमचे घर छप्पन साली दीक्षा घेतलेले.

“हे आपल्या घरात चालत नाही,” मी म्हणालो.

“काय चालत नाही? मी काय कुणाला नवस बोलले, का कोंबडं कापलं? ज्याचं मूळ घ्यायचं त्याला आदल्या दिवशी सांगून यायचं, इतकंच.”

“झाडाला काय कळते?”

“तुमच्या कोर्टात जप्तीआधी नोटीस देता का नाही? ज्याच्या घरी देता त्याला तरी कुठं काय कळतं? अंगठाच उठवतो ना तो?”

शनिवारी संध्याकाळी ती एकटी गेली आणि नोटीस बजावून आली. तिनेच तो शब्द वापरला. परत आली तेव्हा हसत होती.

रविवारी उजाडताना मी तिच्यासोबत निघालो, कारण कुदळ तिला पेलणार नव्हती. ती अर्थातच बोलत नव्हती. तिला सोबत म्हणून मीही बोललो नाही. ओढ्याकडून धूर येत होता. वळणाच्या अलीकडेच कामावरची माणसे उभी दिसली. बाया टोपल्या खाली ठेवून लांब सरकल्या होत्या. एक गडी खाली बसून पायाला चिंधी बांधत होता. जाळी भुईसपाट झाली होती. मुळांचा ढीग पेटलेला होता आणि ओल्या मुळांतून फेस येत होता.

मुकादम आमच्या गावचाच, शेतीवाडी असलेल्या घरातला. पत्नीला पाहून तो दोन पावले पुढे आला.

“बाई, तिकून जाऊ नका,” तो म्हणाला. “हितं कुनीतरी करनी करून ठेवलीया. हळद, तांदूळ, वर सुपारी. पयली कुदळ घातली ती सरळ ह्याच्या पायावर. इचारा त्याला.”

पत्नी जागीच थांबली.

“हुकूम झुडपे काढण्याचा आहे,” मी म्हणालो. “मुळे जाळण्याचा हुकूम कोणाचा?”

“सायेब, हुकूम कागदावर ऱ्हातो. करनी काय कागद वाचून येती व्हय?” बाया हसल्या. तोही हसला, पण त्याची नजर त्या ढिगावरच होती. “मी काय माझ्या मनानं न्हाई जाळलं. इचारलंय मी. वरून हाव म्हनले.”

“वरून म्हणजे कोण?”

“वरून म्हंजी वरून.” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “कुनाचं काम हाय ते काय कळत न्हाई का? खालच्या वस्तीतलं असंल कुनीतरी. तुमचं न्हाई म्हनत मी. तुम्ही शिकलेली मानसं.”

आम्ही खालच्या वस्तीतच राहत होतो. हे त्याला ठाऊक होते आणि त्याला ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होते. पत्नी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. निघताना ती मुळासाठी गप्प होती. आता मूळ जळून गेले होते, बोलायला कसलीच आडकाठी नव्हती, आणि ती गप्पच राहिली. मीही. कोर्टात दुसऱ्यांच्या बाजू रोज लिहून काढणारा मी, तेथे मला एक वाक्य सुचले नाही. आम्ही वळलो. कुदळ माझ्या खांद्यावर तशीच कोरी परत आली.

घरी आल्यावर तिने पाणी घेतले, अर्धा पेला, कारण रांजणातले तेवढेच वापरायचे ठरलेले होते.

“कुणाला सांगू नका,” ती म्हणाली.

“यात सांगण्यासारखे काय वाईट आहे? तू झाडाला हळद लावलीस.”

“मी वर्गात मुलांना सांगते, करणी नसते, भानामती नसते. उद्या त्यांच्या आया मला काय म्हणतील? बाईच करून राहिली, असं म्हणतील. आणि मला म्हणून थांबणार नाहीत, अख्ख्या वस्तीला म्हणतील.”

म्हणून मी माझ्या एकाही अर्जात ते लिहिले नाही. कायद्याच्या दृष्टीने माझी बाजू त्या दिवसापासूनच लंगडी झाली. तोडलेली निर्गुडी पुन्हा फुटते. जाळलेली फुटत नाही. नुकसान जाळण्याने झाले. आणि का जाळली हे लिहिल्याशिवाय जाळण्याविषयी लिहिता येत नव्हते. मी तोडण्याविषयी लिहीत राहिलो. काम जुन्या जिल्ह्याने मंजूर केले होते आणि नव्या जिल्ह्यात झाले होते. जुन्या जिल्ह्याने कळवले, की कागद नव्याकडे दिले आहेत. नव्या जिल्ह्याची कचेरी भाड्याच्या खोल्यांत होती, दारावरच्या पाट्यांचा रंग अजून बोटाला लागत होता. तेथे सांगण्यात आले, की ती मिसल, म्हणजे कामाची फाइल, अद्याप आलेली नाही. दोन्ही उत्तरे नम्र होती. माझ्या संतापाला मी तेथे वाक्यरचना दिली. क्रियापदे जागेवर होती, कलमे बरोबर होती. आत मात्र काहीच हलत नव्हते. जेवण चवीला लागत नव्हते आणि लागत नाही याचेही काही वाटत नव्हते.

सुटी संपत आली आणि पत्नीचे गुडघे सुजलेलेच होते. शेजारी एक म्हातारी राहत होती. सारी वस्ती तिला मावशी म्हणे. ती त्याच कामावर टोपल्या वाहत होती आणि त्या रविवारी लांब सरकलेल्या बायांत होती. ती एका दुपारी पदरात बिब्बे बांधून आली.

“मास्तरीनबाई, पाय दावा.”

“मावशी, मला बिब्बा सोसत नाही बहुतेक. लहानपणी आईनं कधी लावू दिला नाही.”

“आगं, समद्यांला सोसतो. माझे गुडघे बघ, कोळशावानी काळे हाईत, पन चालतात का न्हाई? शाळा उघडाय लागली तुझी. निर्गुडी तर गेली त्यांच्या मढ्यावर. आता ह्योच हाय.”

मी कोर्टात होतो. असतो तरी अडवले असते असे नाही, कारण मलाही तेव्हा दुसरा मार्ग दिसत नव्हता. मावशीने सुईवर बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचे काळे तेल दोन्ही वाट्यांभोवती ठिपक्याठिपक्यांनी लावले. तिने स्वतःला आयुष्यभर लावले होते तसेच, तितक्याच काळजीने.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय मांडीपर्यंत लाल होऊन फुगले. मग फोड आले, मग ते फुटले. ज्यांना बिब्बा सोसत नाही त्यांच्या अंगावर तो असा उततो. हे सर्वांना माहीत असते आणि कोणाला सोसणार नाही हे मात्र आधी कोणालाच माहीत नसते. खोबरे वाटून लावले, तीळ वाटून लावले. जखमा धुवायला पाणी हवे होते आणि टँकर दिवसाआड येत होता, तोही आला तर. मावशी आपली घागर घेऊन आली आणि सगळी आमच्या बादलीत ओतून गेली. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही.

“माझ्या हाताला कीड पडू दे,” ती उंबऱ्यावर बसून म्हणत राहिली.

“मावशी, तुमच्या हाताला काही नको,” पत्नी आतून म्हणाली. “उद्या टोपली कोण उचलणार?”

फोड सुकले. कातडी काळी आणि ताठ झाली. मृगात शाळा उघडली त्या दिवशी ती काठी घेऊन निघाली. मी ओढ्यापर्यंत गेलो. ओढा आता नियमाप्रमाणे खोल आणि सरळ केलेला होता. पूर्वी गुरे जेथून उतरत ती उताराची वाट काढून टाकली होती आणि दोन्ही काठ भिंतीसारखे उभे होते. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. ती काठावर उभी राहिली. एकदा बसून उतरण्याचा प्रयत्न केला, गुडघा वाकेना. पलीकडच्या काठावर वाडीच्या दोन-तीन मुली तिला न्यायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी हात हलवला. हिनेही हलवला. मग आम्ही परत आलो. आठवडाभर असे झाले आणि तिने राजीनामा लिहायला मला सांगितले.

मी मसुदा केला. जन्मात लिहिलेल्या सगळ्या अर्जांत तो सर्वांत लहान होता. कारण काय लिहू, असे मी विचारले. “तब्येत लिहा,” ती म्हणाली. तिने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला, जसा एखाद्या मुलाचा तपासलेला पेपर सरकवावा.

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. माझी बदली, मग निवृत्ती, मग नांदेडला घर. तिच्या गुडघ्यांवरच्या त्या काळ्या कातडीला आता काहीच लागत नाही. गरम नाही, गार नाही. मध्यंतरी चहाचा कप त्यावर सांडला, तरी तिला पाहिल्यावर कळले. आतले दुखणे मात्र जागचे हलले नाही. ती खुर्चीत बसून तांदूळ निवडते, पेपर वाचते, शेजारच्या मुलींना गणिते घालते. मी पत्रे लिहितो. या विषयावर मात्र मी पुन्हा लिहिले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, “ते निर्गुडीचं आता लिहा तुम्ही.”

“काय काय लिहू?”

“सगळं. हळद, तांदूळ, सुपारी. मी ठेवले म्हणून लिहा. आता मला कुठं शाळेत जायचंय?”

लिहिण्याआधी मी त्या गावी गेलो, कारण एका प्रश्नाचे उत्तर साक्षीदाराच्या तोंडून घेणे आवश्यक होते. मावशी वारली होती. मुकादम होता. पारावर बसलेला, दोन्ही हातांत काठी. त्याने मला ओळखायला वेळ लावला.

“तुमच्या बाईंचे पाय कसे हाईत?”

“तसेच,” मी म्हणालो. “त्या रविवारी जाळायला तुम्हाला वरून कोणी सांगितले होते?”

“आजून तेच का, सायेब?” तो हसला. मग आठवू लागला. “जीप आली होती. जुन्या जिल्ह्याचे एक सायेब, नव्या जिल्ह्याचे एक. ह्यांचं काम त्यांला दाखवायचं चाललं होतं. खाली न्हाई उतरले. म्या जीपीपाशी गेलो, म्हनलो, हितं करनी निघालीया, मुळासकट जाळू का? तर मुंडी हलवली.”

“कोणी? जुन्याने की नव्याने?”

“एकानं हलवली का दोघांनी, ते आता ध्यानात न्हाई. काचंला धूळ होती. जीप गेली.”

मी सांगितले, “ती हळद माझ्या पत्नीने ठेवली होती. मूळ औषधाला हवे होते, म्हणून आवतण दिले होते.”

त्याने काठीवर हनुवटी टेकली.

“आमची आयपन द्यायची आवतण,” तो म्हणाला. “तवाच सांगायचं की, सायेब. म्या सोता मूळ काढून दिलं असतं.”

“तुम्ही खालच्या वस्तीचे कोणीतरी म्हणालात.”

“म्हनलो असंन,” तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. समोर एस.टी. लागली, माणसे चढली, ती गेली. राग आला नाही. त्याच्याशेजारी पारावर मी पुढच्या गाडीपर्यंत बसून राहिलो आणि आम्ही पावसापाण्याचे बोललो.

मुकादमाविरुद्ध माझी तक्रार मी येथे मागे घेतो. त्याने निदान विचारले. मावशीविरुद्ध ती कधीच नव्हती. उरतात ते जीपमधले दोघे. त्यांना काय जळणार हे पाहायचे नव्हते, ते झुडूप कशाचे आहे हे विचारायचे नव्हते, करणी असते काय एवढेसुद्धा त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाला विचारायचे नव्हते. शिक्षण आणि अधिकार दोन्ही असलेल्या माणसांनी एका भीतीला मान हलवून मंजुरी दिली आणि वाडीच्या शाळेत करणी नसते असे शिकवणारी बाई त्या मंजुरीने घरी बसली.

म्हणून माझी मागणी. त्या दोघांपैकी जो हयात असेल त्याने त्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे, की मान कोणी हलवली आणि कशाच्या आधारे हलवली. उत्तर टपालाने पाठवू नये. नम्र टपाल मी भरपूर वाचले आहे. सभेचा दिवस त्यांनी ठरवावा. पत्नीला मी घेऊन येईन. तिच्यासाठी एक खुर्ची ठेवावी, कारण तिला खाली बसता येत नाही.